एकाच कानाचं रक्त

"ह्यो आमचा सुलतान," मायाप्पा म्हणाला आणि त्याने कुत्रं माझ्या टेबलाजवळ ओढलं.

कानाला हात लावण्याआधी मी सवयीने खाली वाकून एक नजर टाकली. सुलतान मादी होता.

"मायाप्पा, ही कुत्री आहे."

मायाप्पानेही वाकून पाहिलं. अगदी सावकाश, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ल्हानपनी ध्यानात आलं न्हाई म्याडम. नाव पडलं ते पडलं."

"आणि मोठेपणी?"

"मोठेपनी कोन बगतंय?"

माझे परिचर रंगराव यांना एकाएकी जोराचा खोकला आला आणि ते तोंडाला रुमाल लावून शाळेच्या फळ्याकडे वळले. मी कान हातात घेतला. कानाच्या कडेला रक्ताचे ताजे ठिपके होते. माझ्याच सुईने पडलेले. कपाळावर कोळशाचा टिळा होता, तो माझ्या अंगठ्याला लागून आला. कुत्रीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती, आणि थोडा वैतागही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळपासून या खोलीत पुढच्या दाराने येऊन मागच्या दाराने जाणारी कुत्री वेगवेगळी नव्हतीच. ही एकच कुत्री होती. दर वेळी नवा पट्टा, नवं नाव आणि नवा मालक घेऊन ती शाळेला वळसा घालून परत येत होती. म्हणूनच ती दर खेपेला जास्त धापा टाकत होती, आणि मी मात्र प्रत्येक नावापुढे 'श्वास जलद' असं इमानेइतबारे लिहीत होते.

जतच्या पूर्वेच्या माळावरचं हे बिराजवाडी. सगळी धनगरांची वस्ती, आणि घरटी एक तरी कारवान कुत्रं. लांब तोंडाची, पोट आत ओढलेली, हरणाच्या रंगाची ही कुत्री मेंढरं राखतात आणि शेजारच्या गावच्या जत्रेत शर्यतीला पळतात. मी कोकणातली. तिकडची कुत्री अंगणात पडून भुंकतात, पळायचे कष्ट घेत नाहीत. मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि या हरणाच्या रंगाच्या दोन कुत्र्यांमधला फरक मला अजून कळत नव्हता. ही गोष्ट बिराजवाडीने बरोबर हेरली होती.

आदल्या जत्रेत सरपंच सिदगोंडांचा पाखऱ्या शर्यत जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मेला. मला बोलावलं तेव्हा त्याच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली होती. गावाने निकाल दिला, नजर लागली. मी त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींच्या पोटात थेंबाच्या आकाराचे जंतू जोडीजोडीने बसले होते. गोचीड चावते, तिच्यातून हे जंतू रक्तात शिरतात आणि आतून एकेक पेशी फोडत जातात. कुत्रं वरून कधी कधी ठणठणीत दिसतं. मग एक दिवस ते जीव तोडून पळतं, आणि संपतं.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले होते, "एका कुत्र्यावरून रोग ठरत नाही, केळुसकर मॅडम. किती कुत्र्यांत आहे, कुठल्या वस्तीत आहे, ते आधी शोधा." जत्रा कमिटीही घाबरली होती. तिने ठराव केला की या वर्षी डॉक्टरची सही असल्याशिवाय कुत्रं पळणार नाही. म्हणून मी बिराजवाडीच्या शाळेत टेबल मांडून बसले होते. गावातल्या प्रत्येक शर्यतीच्या कुत्र्याच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा, एवढंच माझं काम. आणि ज्याचं कुत्रं आजारी निघेल त्याची जत्रा बुडेल, एवढीच गावाची धास्ती. त्यावर गावाने शोधलेला उपाय आत्ता माझ्या टेबलाशी जीभ काढून उभा होता.

मी तिथल्या तिथे ओरडले असते तर गावाने गोड बोलून मला वाटेला लावलं असतं, आणि पुन्हा एकही कुत्रं माझ्यासमोर आलं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर रागाइतकीच मला गंमतही वाटत होती. पाहू तरी, ही माणसं कुठवर जातात! मी नव्याने सुई टोचली नाही. जुन्याच एका ठिपक्यावर दाबून थेंब काढला, काचेवर पसरला आणि म्हटलं, "छान. न्या सुलतानला. पुढचा कोण?"

पुढचं कुत्रं गौराक्काचं होतं. गौराक्का म्हणजे कपाळभर कुंकू आणि गावभर आवाज. तिने पदर खोचला आणि सांगितलं, "ह्यो माझा वाघ्या. लई तापट हाय, संबाळून."

वाघ्या आला, मागच्या पायांवर बसला आणि आपण होऊन कान पुढे केला.

"तापट आहे खरा," मी म्हटलं.

"तुमास्नी भ्यालाय," गौराक्का म्हणाली.

तिच्यामागून तुफान आला, राणी आली, भिंगरी आली, भैरू आला. सरपंच सिदगोंडांनी स्वतः तुफानची दोरी धरली होती. त्याच्या शेपटीच्या टोकाला मेंदी लावलेली होती आणि ती अजून ओली होती. मी प्रत्येकाचं वय विचारलं. ते दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत वरखाली होत राहिलं. शेवटी मी सरपंचांना म्हटलं, "तुमच्या गावची कुत्री फार गुणी आहेत हो. सगळ्यांचा स्वभाव कसा एकसारखा."

"गावच येका इचाराचं हाय, म्याडम," सरपंच छाती फुगवून म्हणाले.

परत येताना गाडीवर रंगराव हसून हसून इतके हलत होते की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. माझंही हसू आवरत नव्हतं. दवाखान्यात पोचले, काचा जांभळ्या रंगात बुडवल्या, वाळवल्या आणि पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तेव्हा मात्र माझं हसू गेलं.

तांबड्या पेशीत थेंबांची जोडी होती. शेजारच्या पेशीत दुसरी. मी सुलतानची काच लावली, त्यातही तेच. वाघ्या, तुफान, राणी, भिंगरी, भैरू. शेवटच्या काचेपर्यंत तेच.

गावाने आपल्यातली सगळ्यात तगडी, सगळ्यात देखणी कुत्री निवडून माझ्यापुढे उभी केली होती, आणि तीच नेमकी आजारी निघाली. जत्रा दहा-बारा दिवसांवर आली होती. ती पळाली असती तर पाखऱ्यासारखीच मेली असती. औषध माझ्या कपाटात होतं. फक्त ती कुणाची, हे मला ठाऊक नव्हतं. मादी आहे एवढं कळत होतं, पण गावात माद्या काही कमी नव्हत्या.

"रंगराव, पहिल्यांदा तिला कुणी आणलं होतं?"

"आपण दोघंही तेव्हा चहा पीत होतो, मॅडम."

दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर मेंढरांच्या वाड्यावाड्यांतून हिंडलो. जिथे जाऊ तिथे कुत्रं रानात गेलेलं. दुपारच्या त्या रखरखाटात बिराजवाडीची झाडून सगळी कुत्री रानात काय करत होती, ते एका बिरोबालाच ठाऊक. एका वाड्यावर तर "कुत्रं रानात गेलंय" असं मला सांगत असताना घोंगड्याखालून शेपूट हलत होती.

तशात साहेबांचा फोन आला. "काय निघालं, मॅडम?"

"सर, काचा सगळ्या पॉझिटिव्ह आहेत. पण थांबा..."

"सगळ्या? म्हणजे शंभर टक्के?" साहेबांचा आवाज आनंदाने चिरकला. "अहो, असा आकडा आजवर कुणाकडे नाही! मी आजच वर कळवतो. पुण्याहून पथक मागवू."

"सर, ते एकच कुत्रं आहे."

मग साहेब अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "एकच कुत्रं आणि शंभर टक्के?"

"कळवू नका एवढंच म्हणते. आठवडा द्या मला."

त्या संध्याकाळी मी बिरोबाच्या देवळासमोर गाव गोळा केलं. चेहरा शक्य तेवढा पडलेला ठेवला. सांगितलं, "मंडळी, वाईट बातमी आहे. तुमचं एकही कुत्रं चांगलं निघालं नाही. सुलतान, वाघ्या, तुफान, सगळ्यांच्या रक्तात तो पाखऱ्याचाच रोग आहे. मी कुणालाही सही देऊ शकत नाही. यंदा बिराजवाडीचं कुत्रं जत्रेत पळणार नाही."

माझ्या उभ्या आयुष्यात मी तसे चेहरे पुन्हा पाहिले नाहीत. प्रत्येकाच्या ओठावर एकच वाक्य आलं होतं, आणि शेजारी उभा असलेला माणूस ते वाक्य बोलू देत नव्हता. मायाप्पाने तोंड उघडलं, सरपंचांकडे पाहिलं आणि मिटलं. सरपंचांनी गौराक्काकडे पाहिलं. गौराक्का देवाकडे पाहू लागली.

"कुणाला काही सांगायचं आहे का?" मी विचारलं.

कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

"बरं. ज्याला एकट्याने सांगायचं असेल त्याने दवाखान्यात यावं. पण एक ध्यानात ठेवा. या रोगाचं कुत्रं पळालं तर मरतं. पाखऱ्याला आठवा."

पहिला आला मायाप्पा. काखेत कोंबडी होती.

"हिला काय झालं?"

"हिला कायबी झालं न्हाई." त्याने दार लोटलं, कोंबडी माझ्या टेबलावर ठेवली आणि कुजबुजला, "म्याडम, त्यो सुलतान न्हवता."

"काय सांगता!" मी खुर्चीत मागे टेकले. "मग सुलतान?"

"त्यो घरी हाय. नर हाय. धडधाकट हाय. तुमी टोचलासा ती दुसऱ्याची कुत्री."

"कुणाची?"

मायाप्पाने दोन्ही हात कानाला लावले. "त्ये नगा इचारू. समद्यांनी बिरोबाचा भंडारा उचललाय."

भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन या भागात माणूस शपथ वाहतो, आणि ती मोडण्यापेक्षा तो घर मोडेल. शाळेतल्या कारस्थानाच्या आदल्या दिवशी सरपंचांनी सगळ्यांना देवळात नेऊन हळद उचलायला लावली होती. कुत्री कुणाची, ते कुणी सांगायचं नाही.

"मी फसवलं ते सांगाया देवाची मनाई न्हाई," मायाप्पा म्हणाला. "नाव सांगाया हाय. माझं मी बोललो. बाकीच्यास्नी कळू देऊ नगा."

"नाही कळणार. सुलतानला घेऊन या. पण खरोखरच्या."

तो पायऱ्या उतरत होता तेवढ्यात वडापची, सीटवर भाडं घेणारी जीप थांबली आणि गौराक्का उतरली. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"काय गं, हितं कशी?"

"शेळीचं औशद न्यायला. तू?"

"कोंबडी दावायला."

"काय झालं कोंबडीला?"

"सर्दी."

गौराक्काने आत येऊन कुंकवाचं कपाळ माझ्यापुढे वाकवलं आणि तोंड सोडलं. "माझ्या वाघ्याला रोगी म्हनायची कुनाची टाप हाय? त्ये माझं कुत्रंच न्हवतं! वाघ्या असता तर त्यानं तुमास्नी कान दिला असता व्हय? बोट तोडलं असतं!" मग एकदम आवाज खाली आला. "पर कुनाला सांगू नगासा. येकटी मीच आलीया."

त्या दिवसांत दवाखान्याला जत्रेचं रूप आलं. सर्दी झालेल्या कोंबड्या, लंगडण्याचं सोंग येत नसलेल्या शेळ्या, एक पूर्ण निरोगी गाढव. प्रत्येक जण एकटाच आला होता, प्रत्येक जण दार लोटत होता, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, ती माझी नव्हती. नाव विचारलं की हात कानाला. मग दुसऱ्या दिवशी तोच माणूस आपलं खरं कुत्रं घेऊन हजर. महिनाभर आर्जवं करून मला जे मिळालं नसतं ते आता रांगेत उभं राहून माझ्यापुढे कान करत होतं. वाघ्याने खरोखरच रंगरावांचं बोट धरलं, तेव्हा गौराक्काचा चेहरा अभिमानाने फुलला.

सगळ्यात शेवटी सरपंच आले. मोटारसायकलवर पुढे पुतण्या, मागे सरपंच, आणि दोघांच्या मध्ये शाल पांघरून तुफान. त्यांनी कबुली दिली नाही. एवढंच म्हणाले, "येकदा पुन्हा बगा. मशिन चुकत असंल."

मी पाहिलं. या खेपेलाही मशिनने चूक केली नाही. तुफानच्या रक्तात थोडे का होईना, जंतू होते. मी सरपंचांना डोळा लावून पाहायला लावलं. ते बराच वेळ वाकून होते.

"ही जोडीजोडीनं बसल्याली..."

"हाच पाखऱ्याचा रोग."

सरपंच सरळ झाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "आन् मी लिंबं बांधत बसलो," ते म्हणाले. मग स्वतःच तुफानचं तोंड घट्ट धरून त्यांनी त्याला इंजेक्शन देऊ दिलं. त्यानंतर ते म्हणाले, "आता समद्या मेंढरवाड्यांवर या. गोचिडाचं औशद मारा. कुनी आडवं आलं तर माझं नाव सांगा." मग दाराशी थांबून पुन्हा म्हणाले, "पर नाव मीबी सांगनार न्हाई. भंडारा माझ्याच हातानं वाटलाय."

मी दारात उभी राहिले. सगळे येऊन गेले होते, आणि ज्या कुत्रीसाठी हे सगळं चाललं होतं ती अजून कुठेतरी त्या माळावर होती.

"सगळे म्हणाले, ती आमची नव्हे," रंगराव टेबल पुसत म्हणाले. "म्हणजे ती कुणाचीच नाही, असंच झालं की हो."

"सगळे कुठे?" मी म्हटलं, आणि माझी मीच चपापले. "रंगराव, आलं नाही असं कोण आहे?"

रंगरावांनी बोटांवर मोजलं. "तायाप्पा. भिंगरीवाला. म्हातारा फारसा कुठे जात नाही, त्याला वडाप जमत नसेल..."

रंगराव बोलतच होते. मी औषधाची पिशवी उचलून गाडीला किक मारली होती.

तायाप्पाचा वाडा माळाच्या पार टोकाला. म्हातारा लिंबाखाली बसला होता आणि कुत्री त्याच्या मांडीला टेकून पडली होती. मी आले तरी ती भुंकली नाही, उठलीही नाही. तिने मान वळवली आणि मला ओळखून कान जरासा हलवला. कानाची कड ठिपक्यांनी भरली होती. मी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्या पडू लागल्या होत्या.

"दोन दीस झालं, खात न्हाई," तायाप्पा म्हणाला.

मी इंजेक्शन भरलं. त्याने तिचे डोळे आपल्या पंजाने झाकले. पुढचे काही दिवस मी रोज त्या वाड्यावर गेले. कधी सलाईन, कधी गोळ्या. तिच्या अंगावरच्या गोचिडी तो स्वतः एकेक करून वेचायचा. मला रात्री झोप लागत नव्हती. ही मेली तर साहेबांच्या त्या आकड्यांचा काय उपयोग, असं वाटायचं. मग एका दुपारी मी गेले तेव्हा तिने तायाप्पाच्या ताटातली अर्धी भाकरी पळवली, आणि तो मोठमोठ्याने तिला शिव्या देत होता. मला तर नाचावंसं वाटलं.

जत्रेच्या दिवशी बिराजवाडीची निरोगी कुत्री माझ्या सह्या घेऊन पळाली. सुलतान नर म्हणूनच पळाला. पहिला नंबर गौराक्काच्या वाघ्याने मारला, आणि गौराक्काचा आवाज भोंग्याशिवायही दोन गावांना ऐकू गेला. त्या वर्षी आम्ही आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवर रक्त तपासलं. साहेबांना शंभर टक्के मिळाले नाहीत, पण जे मिळालं ते खरं होतं. आता त्या भागात जत्रेआधी कान टोचून घ्यायची पद्धतच पडली आहे.

पण त्या दिवशी मी जत्रेत नव्हते. मी तायाप्पाच्या वाड्यावर होते. भिंगरी खुंट्याला बांधलेली होती आणि लांबून आरडाओरडा ऐकू आला की उभी राहून दोरी ताणत होती. तायाप्पा तिला "बस गं" म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती, ती शेवटी विचारलीच.

"तायाप्पा मामा, सगळे येऊन म्हणाले, ती आमची नव्हे. तुम्हीही तसंच म्हणाला असता तर मला कधीच कळलं नसतं. शिवाय गावाचा भंडाराही पाळला गेला असता. का नाही आलात?"

तायाप्पाने तिच्या दोरीची गाठ जरा सैल केली.

"निघालो हुतो की," तो म्हणाला. "घोंगडं खांद्यावर टाकलं, बांधापातुर गेलोबी. मागं वळून बगितलं तर ही येत हुती. आता हिच्या म्होरं कसं म्हनू, की ही माझी न्हवं?"